भुंगीच्या झोपेची नियमावली

भुंगी पहिल्यांदा भर दुपारी, कुणी न थोपटता झोपली, तेव्हा तिचा बाबा स्वयंपाकघरात उभा राहून मिक्सरमध्ये साखर दळत होता. साखरच का, तर डब्यात तिचा दगड झाला होता आणि तो फोडताना चहाचा चमचा वाकला होता. एवढं साधं कारण. पण मोठे घोटाळे कधी मोठ्या कारणांनी सुरू झालेत?

मिक्सर बंद करून तो बाहेर आला, तर अकरा महिन्यांची भुंगी चटईवर उताणी, दोन्ही हात वर, पकडलेल्या चोरासारखी, गाढ झोपलेली. एरवी या मुलीची दुपारची झोप म्हणजे घरातल्या दोन मोठ्या माणसांचा दोन तासांचा घाम. खांद्यावर घ्या, फिरवा, गाणं म्हणा, आणि पाठ टेकवायला गेलात की डोळे टक्क उघडे. त्या दुपारी मात्र कुणी हातही लावला नव्हता. बाबानं मिक्सरकडे पाहिलं. मग भुंगीकडे पाहिलं. पुन्हा मिक्सरकडे पाहिलं. आणि शर्टाच्या खिशातून छोटी वही काढून लिहिलं: 'नियम एक. भुंगी मिक्सरच्या आवाजानं झोपते.'

आता या माणसाबद्दल गैरसमज नको. तो बटणांच्या कारखान्यात तपासनीस होता आणि कामात एकदम चोख. पाच हजार बटणांची पिशवी आली की वरून मूठभर, मधून मूठभर, तळातून मूठभर बटणं काढायची, एकेक उजेडासमोर धरायचं, भोकं मोजायची, मगच पिशवीवर शिक्का. त्यानं पास केलेलं बटण आजवर कुणाच्या पोटावरून उडालं नव्हतं. पण कारखान्याचं फाटक ओलांडलं की त्याला काय व्हायचं कुणास ठाऊक. शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात; हा पठ्ठ्या एका शितावरून शेताची, पेरणाऱ्याची आणि पुढच्या वर्षीच्या पिकाचीही परीक्षा करून मोकळा व्हायचा. एकदा एका उंच शिंप्यानं त्याची पँट आखूड शिवली, तेव्हापासून तो उंच शिंप्यांच्या वाटेला गेला नाही. एकदा हिरव्या टोपीतल्या माणसानं पत्ता बरोबर सांगितला, तर पुढची दोन वर्षं रस्ता चुकला की तो आधी हिरवी टोपी शोधायचा.

तर, नियम एक. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मोठ्या विश्वासानं मिक्सर लावला. भुंगीनं मिक्सरकडे पाहून टाळ्या वाजवल्या. दुसरा कुणी असता तर वहीतली ओळ खोडून मोकळा झाला असता. बाबा विचारात पडला. काल भांड्यात साखर होती. आज भांडं रिकामं. त्यानं साखर घातली, दळली, पुन्हा घातली, पुन्हा दळली. चाळीस मिनिटांनी भुंगी झोपली.

"अरे, ती रडून रडून दमली म्हणून झोपली," भुंगीची आई म्हणाली.

"दमते ती रोजच. साखर रोज नव्हती."

त्यातून त्या वेळी बाबाच्या उजव्या पोटरीला डास चावला होता आणि तो एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायानं खाजवत होता. नियम दोन: 'एका पायावर उभं राहावं (उजव्या).' पुढच्या आठवड्यात नियम तीन आला, निळ्या पट्ट्यांची चादर. मग चार, खिडकीची डावी झडप उघडी. मग पाच, कारखान्याचा तपासणी अहवाल मोठ्यानं वाचणे: 'पांढरं, चार भोकी, मंजूर, पांढरं, चार भोकी, मंजूर.' नियम सहाप्रमाणे पडदा उघडा हवा होता आणि नियम नऊप्रमाणे बंद, कारण नववा नियम ढगाळ दिवशी सापडला होता. यावर अर्धा पडदा हा तोडगा निघाला आणि तोच दहावा नियम झाला.

खरं सांगायचं तर आईही अगदीच धुतल्या तांदळासारखी नव्हती. एकदा तिनं घाईत गाऊन उलटा घातला होता आणि नेमकी भुंगी पटकन झोपली. त्यानंतर पंधरा दिवस ती घरात उलटाच गाऊन घालायची. कुणी दारात आलं की म्हणायची, "आत्ताच धुवायला काढत होते."

या सगळ्याची एवढी निकड का होती, तेही सांगायला हवं. भुंगीची आई कृत्रिम दात बनवायची. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि ती दिव्याखाली बसून एकेक दात कोरायची, असा की माणसाच्या आईलाही खरा-खोटा ओळखू येऊ नये. अकरा महिने ती घरी होती, पण हात ऐकत नव्हते. कणीक मळता मळता कडेला एक सुळा बनवून ठेवायची. आणि तिच्या मालकीणबाईंचा निरोप आला होता: या सोमवारी रुजू हो, नाहीतर खुर्ची दुसरीला देते. दोघांचेही आईवडील दूरच्या गावी. चालत जाण्याजोगं पाळणाघर एकच. त्यात बारा पाळणे, अकरा भरलेले. बाराव्यासाठी भुंगीचा नंबर लागला होता आणि तिच्यामागे यादीत एक जुळी जोडी वाट बघत बसली होती.

म्हणून ठरलं असं: सोमवारी आई कामावर जाणार, आणि बाबा आठवडाभराची रजा काढून भुंगीला पाळणाघरात रुळवणार. न रुळली, तर पुढच्या सोमवारी आई पुन्हा घरी. आणि मग खुर्ची गेलीच.

इमारतीत या नियमांची बातमी फुटायला वेळ लागला नाही, कारण तोवर बाबाकडे साडेसहा किलो पिठीसाखर जमली होती आणि तो ती वाटीवाटीनं शेजारी वाटत होता. समोरच्या वहिनी वाटी रिकामी करून परत देताना म्हणाल्या, "भाऊजी, उशी देऊ नका. मुलींना उशी लागत नाही, मुलांना लागते."

"असं कोण म्हणतं?"

"कुणी कशाला म्हणायला हवं? माझ्या घरात बघा ना." वहिनींच्या घरात एक मुलगा होता आणि एक मुलगी.

खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. ते वर आले ते वाटी घेऊन नाही, तर तळहातावर एक मुंगी घेऊन.

"ही तुमची," ते म्हणाले.

"कशावरून, काका?"

"वरून आली. आमच्या मागच्या घरीसुद्धा वर पिठीसाखरवाले राहायचे. पिठीसाखरवाले आले की मुंग्या येतात आणि मुंग्या आल्या की वायरी कुरतडल्या जातात."

"मुंग्या वायरी कुरतडत नाहीत हो, काका."

"तिथं कुरतडल्या होत्या. बरं, बटणवाले, बाळाला दुपारी झोपवता कशाला? आमच्या खात्यात दुपारी कुणी झोपत नसे, आणि सगळे ऐंशीपर्यंत जगले."

सोमवारी बाबा पाळणाघराचा अर्ज घेऊन गेला. पाळणाघराच्या ताई पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या. पंचवीस वर्षं झोपलेल्या मुलांमध्ये वावरून त्यांचा आवाजच खाली बसला होता. त्या हसायच्याही कुजबुजत आणि रागवायच्याही कुजबुजत, त्यामुळे त्या नेमकं काय करताहेत हे कळायला त्यांच्या भुवयांकडे बघावं लागे. त्यांनी अर्ज डोळ्यांजवळ धरला.

"फोटो परत आणा. डोळे मिटलेत हिचे."

"झोपलीय ना ती. पुरावा म्हणून मुद्दाम तोच लावला."

"मला मूल ओळखायचंय. डोळे उघडे हवेत. आणि हे काय? 'झोपेची सवय, एका ओळीत लिहावे.' इथं तुम्ही लिहिलंय, 'सोबत पुरवणी पाहावी.'"

"सात पानं आहेत. टाचलीत."

ताईंनी टाचणी काढली, सात पानं त्याच्या हातात दिली आणि भुवया वर केल्या. "पुरवणी चालत नाही. उद्यापासून तीन दिवस बघू. एक ते तीन सगळी मुलं झोपतात. हीही झोपली, तर पाळणा तुमचा. नाही झोपली, तर जुळी येतील."

"एका पाळण्यात दोन?"

"ती माझी काळजी."

बाबानं रकान्यात एका ओळीत लिहायचा प्रयत्न केला. 'मिक्सर (साखरेसह), एक पाय, निळी चादर, अर्धा पडदा व इ.' इतकं लिहून रकाना संपला. त्या 'व इ.' कडे बघताना त्याला उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं. महिनाभराची मेहनत, आणि कागदावर उरलं काय, तर इत्यादी.

मंगळवारी मिक्सर न्यायची परवानगी नव्हती. बाबानं उरलेल्या नियमांवर भिस्त ठेवली. निळी चादर अंथरली, पडदा अर्धा ओढला, उजव्या पायावर उभा राहिला आणि हळू आवाजात अहवाल वाचू लागला. 'पांढरं, चार भोकी, मंजूर.' दहा मिनिटांत अकरा मुलं झोपली. भुंगी मात्र पाळण्याचा कठडा धरून उभी राहिली आणि आपला बाप बगळ्यासारखा उभा राहून काय वाचतोय, हे तीन वाजेपर्यंत मोठ्या कौतुकानं ऐकत राहिली. मधेच त्याचा तोल गेला आणि तो चपलांच्या घडवंचीवर आदळला, तेव्हा तर ती खुदकन हसली.

"अहवालानं बाकीची झोपली," बाबा जाताना म्हणाला. त्याला ते नोंदवावंसं वाटत होतं.

"ती माझ्याकडे रोजच झोपतात," ताई म्हणाल्या.

बुधवारी त्यानं मोठी पिशवी आणली. पिशवीत दुपटी होती, आणि दुपट्यांखाली मिक्सर होता, आणि मिक्सरच्या भांड्यात मोजून दोन वाट्या साखर होती. हे वागणं त्याच्या स्वभावात बसणारं नव्हतं. आयुष्यात त्यानं कधी खोटा शिक्का मारला नव्हता. पण आदल्या संध्याकाळी भुंगीची आई घरी आली होती ती हातांना प्लास्टरची पांढरी भुकटी लागलेली, आणि दारातच म्हणाली होती, "आज दाढ जमली रे. वाटलं होतं, हात विसरले असतील." तिनं पुढे काही विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. अशा वेळी माणूस मिक्सर चोरून नेतो.

सव्वाएकला, अकरा मुलं झोपल्यावर, ताई आत दूध गरम करायला गेल्या. बाबानं भिंतीवरचं बटण शोधलं आणि मिक्सर लावला.

शांत, अंधाऱ्या खोलीत मिक्सर काय आवाज करतो, याचा अंदाज स्वयंपाकघरात येत नाही. अकरा पाळण्यांतली अकरा मुलं एकदम उठून बसली. क्षणभर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, जणू कुणी आधी सुरुवात करायची हे ठरवत होती. मग सगळ्यांनी मिळून जो सूर लावला, त्यानं समोरच्या दुकानातली माणसं रस्त्यावर आली. आणि या गदारोळात, बाराव्या पाळण्यात, भुंगीनं एक जांभई दिली, कूस बदलली आणि झोपली.

"बघा, ताई, झोपली," बाबा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर शोध लागलेल्या माणसाचं तेज होतं.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्या पाळणाघरात ताईंचा खरा आवाज ऐकू आला. तो बराच मोठा निघाला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की एक झोपली आणि अकरा उठली याला झोपणं म्हणत नाहीत, ही झोप धरली जाणार नाही, आणि ते यंत्र पुन्हा दिसलं तर त्या ते दुधाच्या पातेल्यात बुडवतील. त्यानंतर दोन्ही खांद्यांवर एकेक मूल घेऊन बाबा साडेतीनपर्यंत फेऱ्या मारत होता. एकानं त्याच्या खिशातली वही ओढून नियम चार ते सात चघळून टाकले.

गुरुवारी मिक्सर नव्हता आणि जे नियम उरले होते ते ओले होते. भुंगी एक ते तीन जागी राहिली. रडलीसुद्धा नाही, नुसती जागी. तीन वाजता ताईंनी अर्ज आणून त्याच्या हातात ठेवला. आवाज पुन्हा कुजबुजीवर आला होता, आणि तो जास्त जड वाटत होता.

"मला वाईट वाटतं. पण तीन दिवसांत जे मूल इथं झोपत नाही, ते कधीच झोपत नाही. माझा नियम आहे."

बाबाच्या डोळ्यांसमोर आलं: पुढच्या सोमवारी दिव्याखालची ती खुर्ची, तिथं दुसरंच कुणीतरी. "कशावरून म्हणता, ताई?"

"एक मुलगा होता. पंधरा वर्षांपूर्वी. पहिले तीन दिवस झोपला नाही. तरी मी ठेवून घेतला. सहा महिने झोपला नाही, आणि इतरांनाही झोपू दिलं नाही."

"आणि दुसरा?"

"दुसरा कोण? तो एकच. पुरला मला."

आता मात्र बाबातला तपासनीस जागा झाला. हा त्याचा प्रांत होता. तो ताठ बसला. "ताई, माफ करा, पण हे चालणार नाही. माझं काम ऐका. पाच हजार बटणांची पिशवी येते. वरचंच एक बटण फुटकं निघालं म्हणून मी अख्खी पिशवी परत धाडली, तर मालक मला घरी बसवेल. वरून घ्यावी लागतात, मधून घ्यावी लागतात, तळातून घ्यावी लागतात. तेव्हा कुठं तोंड उघडता येतं. तुम्ही एका मुलावरून सगळ्या मुलांचा..."

तो थांबला. वाक्य अर्धं बाहेर पडलं होतं आणि उरलेलं अर्धं आतच मागं वळून त्याच्याकडे बघत होतं.

"बोला ना," ताई म्हणाल्या. "एका मुलावरून काय?"

"नियम करता येत नाही."

"आणि एका दुपारवरून?"

बाबानं चघळलेली वही हातात घेतली, मिटली, पुन्हा उघडली. आत त्याचंच नेटकं अक्षर होतं. अकरा नियम, प्रत्येकाच्या तळाशी एकेकच दुपार. एकही मूठ मधली नाही, तळातली तर नाहीच. एवढी कच्ची पिशवी त्याच्या टेबलावर आली असती तर त्यानं ती आणणाऱ्याला उभं केलं नसतं. भुंगी त्याच्या मांडीवर बसून शर्टाचं बटण ओढत होती.

"हिला झोप कशानं लागते, हे मला माहीतच नाही," तो म्हणाला. कुणाला तरी, कदाचित बटणाला.

ताईंचे खांदे हलायला लागले, आणि भुवयांवरून कळलं की त्या हसताहेत. "त्या कार्ट्याला परवाच पाहिलं मी. तुमच्याहून उंच झालाय. बसथांब्यावर उभ्या उभ्या झोपला होता. दोन बस गेल्या त्याच्या." त्यांनी चष्म्याची दोरी नीट केली. "पंधरा वर्षं मी त्याच्यावरून किती मुलं परत पाठवली असतील, कुणास ठाऊक. उद्या या."

"चौथा दिवस?"

"चौथा दिवस. वही नको, मिक्सर नको, आणि तुम्हीही नको. दारात मूल द्या आणि चालायला लागा."

शुक्रवारी त्यानं तेच केलं. निळी चादर धुवायला टाकली होती म्हणून पिवळी दिली. डावी झडप उघडी आहे की बंद, हे त्यानं बघितलं नाही. बघायला मान वळत होती, ती त्यानं हातानं सरळ केली. दारात भुंगीनं त्याचं बोट सोडलं नाही, तेव्हा ताईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. तो चालायला लागला, चार घरं पुढं गेला आणि परत आला. मग समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसला. बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, काल आपण आत पाळण्याच्या डावीकडे बसलो होतो आणि ती झोपली नाही, म्हणजे आज पायरीच्या उजवीकडे... तो उठून उभाच राहिला. मग उभं राहणं हाही नियम होईल म्हणून येरझारा घालू लागला. सवय काय, एका दिवसात थोडीच सुटते.

एक वाजून गेला. दीड वाजला. आत कुणी ठणाणा करत नव्हतं, पण त्यावरून काही ठरवायचं नाही, असं त्यानं स्वतःला तीनदा बजावलं. दोनला पाच कमी असताना दार किंचित उघडलं आणि ताई बाहेर आल्या.

"झोपली," त्या कुजबुजल्या.

"कशानं?"

"कशानं म्हणजे? झोप आली."

"नाही, पण तुम्ही काय केलंत? थोपटलंत? कोणत्या कुशीवर?"

"मी शेजारच्याचा लंगोट बदलत होते. वळून बघितलं, तर झोपलेली. सोमवारी आठला आणा. दोन चादरी, कुठल्याही रंगाच्या. आणि तो फोटो. डोळे उघडे." दार पुन्हा तितक्याच हलक्या हातानं लागलं.

पायरीशी उभं राहून त्यानं फोन लावला. पलीकडे खोटे दात घासून गुळगुळीत करायच्या यंत्राची बारीक घरघर ऐकू आली, मग ती मागं पडली.

"काय झालं?" भुंगीची आई म्हणाली. ती धापा टाकत होती. फोन घेऊन बाहेर पळत आली असावी.

"पाळणा मिळाला. झोपली."

ती नाक ओढत म्हणाली, "कशी रे झोपली?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. झोप आली, झोपली. उद्याचं काही सांगता येत नाही."

"तू बरा आहेस ना?" तिनं काळजीनं विचारलं.

"एकदम बरा आहे. थांब, तुला ऐकवतो." तो रस्ता ओलांडून पाळणाघराच्या खिडकीशी गेला आणि हात लांब करून फोन गजांजवळ धरला. बराच वेळ धरून ठेवला. हात दुखायला लागल्यावर कानाशी आणला.

"अरे, काहीच ऐकू येत नाहीये," ती म्हणत होती.

"हो ना," तो म्हणाला, आणि पुन्हा फोन खिडकीला लावला.